‘बंद पडलेला प्लाझ्मा गळ्यात मारला’ या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. त्यात तुम्ही म्हणताय की बंद पडलेल्या जमान्यातला प्लाझ्मा टीव्ही गळ्यात मारला, दिवसा चित्र फिकट दिसतं, लाईट बिल वाढलं, सेट गुणगुणतो आणि बातम्यांच्या चॅनलचा लोगो पडद्यावर उमटून बसलाय. शेवटी ‘त्यापेक्षा नवा एलईडी घेतला असता तर बरं झालं असतं’ असंही लिहिलंय. तुमचं नाव, पेठ काही इथं घेत नाही. पण तुम्ही चारचौघांत लिहिलंय, म्हणून मीही चारचौघांतच बोलतो. हा सेट विचारत अजून गिऱ्हाईकं येतात. कुणी घ्यावा आणि कुणी त्याच्या वाटेला जाऊ नये, हे त्यांनाही कळू दे.

‘बंद पडलेला’ हे खरं आहे. पॅनासॉनिकनं २०१३ च्या अखेरीस प्लाझ्मा पॅनल काढणं थांबवलं, सॅमसंग आणि एलजीनं २०१४ मध्ये. हे दुकानात बोललो होतो आणि बिलावरही ‘दुरुस्त करून विकलेला जुना सेट’ असं साफ लिहिलंय. पण बंद का पडला ते बघा. चित्र वाईट होतं म्हणून नाही. एलसीडी (आजचा एलईडी म्हणजे आतनं एलसीडीच, फक्त मागचे दिवे एलईडीचे) स्वस्त झाला, हलका झाला, वीज कमी खायला लागला. त्यात ४के, म्हणजे कितीतरी जास्त ठिपक्यांचं चित्र, आलं, आणि घरात मावेल एवढ्या प्लाझ्मात तेवढे ठिपके बसवणं कुणाला परवडेना. आणखी एक कारण आमच्या धंद्यातलं. शोरूममध्ये डोक्यावर ट्यूबलाईटची रांग असते. त्या उजेडात एलसीडी झगझगीत दिसायचा आणि शेजारचा प्लाझ्मा मलूल. गिऱ्हाईक झगझगीत सेटवर बोट ठेवणार, त्यात नवल काय? मीही त्या वर्षांत एलसीडीच जास्त विकले. धंदा होता.

आता तुम्ही काय मागितलं होतं ते आठवा. फुटबॉल. रात्री साडेबारा-एकनंतरच्या युरोपातल्या मॅचेस, हॉलमधले दिवे बंद, तालमीतली आठ-दहा पोरं भिंतीला टेकून बसलेली. बजेट ठरलेलं. तेवढ्यात नवा घ्यायचा तर साधा ३२ इंची एलईडी आला असता. मी ४२ इंची प्लाझ्मा लावून दाखवला, आणि तुमच्या त्या मागणीला आजही तोच सेट काढून देईन.

का, ते सांगतो. प्लाझ्माच्या दोन काचांमध्ये बारीक बारीक खण असतात आणि त्यांत निऑन-झेनॉन वायू भरलेला असतो. तुमच्या पॅनलवर १०२४ गुणिले ७६८ ठिपके आहेत आणि प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा, निळा असे तीन खण. म्हणजे साडेतेवीस लाखांवर खण झाले. वीज दिली की त्या वायूतनं अतिनील किरण निघतात, ते खणातल्या फॉस्फरवर, म्हणजे चमकणाऱ्या लेपावर, पडतात आणि तो खण स्वतः उजळतो. (हे सगळं टीव्हीसाठी निघालंच नव्हतं. १९६४ साली अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात बिट्झर, स्लॉटो आणि विल्सन या तिघांनी शिकवायच्या कॉम्प्युटरसाठी पडदा केला, तिथनं याची सुरुवात. तेव्हा तो एकरंगी, नारिंगी होता.) एलसीडीत उजेड मागनं येतो आणि पुढं द्रवस्फटिकाचा पडदा तो अडवतो. खिडकीला कितीही जाड पडदा लावा, बाहेर ऊन असलं की फटीतनं उजेड झिरपतोच. तसाच एलसीडीतला काळा रंग राखाडी नाहीतर निळसर होतो. दिवसा कळत नाही. रात्री दिवे मालवले की लगेच कळतं.

प्लाझ्माचा काळाही शंभर टक्के काळा नसतो, कारण खण पटकन पेटावा म्हणून त्याला आधीच थोडं चेतवून ठेवावं लागतं. शंभर टक्के काळा हवा असेल तर ओएलईडी (त्यातला प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि पूर्ण विझतो) घ्या, त्याचं चित्र बघून मी स्वतः गप्प बसतो. पण त्याची किंमत आणि तुमचं बजेट यांची गाठ पडत नव्हती. स्वस्तातल्या एलईडीपुढं मात्र रात्रीच्या अंधारात प्लाझ्मा लई पुढं आहे. जुने कृष्णधवल मराठी चित्रपट लावून बघा एकदा. १९२९ ला प्रभात कंपनी आपल्या कोल्हापुरात सुरू झाली, त्या काळातली छायाप्रकाशाची कामं स्वस्त एलईडीवर सगळी धुरकट होऊन जातात.

दुसरी गोष्ट चेंडूची. एलसीडी एक चित्र धरून ठेवतो आणि पुढचं आलं की मगच सोडतो. चेंडूमागं डोळा सरकत असतो, चित्र जागच्या जागी थांबलेलं असतं, म्हणून चेंडूला शेपूट फुटतं आणि विंगरच्या पाठीवरचा नंबर पुसट होतो. प्लाझ्मा एकेका चित्राला दहा-बारा वेळा लुकलुकवतो आणि मधे अंधार करतो. सेटवर ६०० हर्ट्झ लिहिलेलं असतं ते हेच, सेकंदाला ६०० नवी चित्रं असा त्याचा अर्थ नाही. पण पळणारा माणूस पळताना स्वच्छ दिसतो, एवढं खरं. नव्या एलईडीत यावर उपाय म्हणून मधली चित्रं कॉम्प्युटर स्वतः बनवून घालतो. मग मॅच बरी दिसते आणि सिनेमा मालिकेसारखा दिसायला लागतो. मला ते सोसत नाही, कुणाला आवडत असेल तर असो.

तिसरी गोष्ट बाजूला बसणाऱ्यांची. आठ-दहा पोरं समोर कशी बसणार? कोपऱ्यात, दाराजवळ, जमिनीवर. बऱ्याच एलईडीत कडेनं बघितलं की रंग उडतो. प्लाझ्मा दारातनं बघा नाहीतर सोफ्यावरनं, चित्र तेच. वर्ल्डकपला आपल्या पेठांत ब्राझील-अर्जेंटिनाचे झेंडे लागतात. त्या गर्दीत कडेला बसलेल्याला पिवळा जर्सी पिवळाच दिसला पाहिजे, एवढीच आपली अपेक्षा.

आता तुमच्या तक्रारी. आमचा मुलगा तुमच्या घरी येऊन बघून गेलाय, त्यानं फोटोही काढलेत. सेट पश्चिमेच्या खिडकीसमोर आहे. दुपारी तीननंतर त्या काचेत तुमच्या बाल्कनीतली तुळस दिसते, गजांसकट. प्लाझ्माची पुढची बाजू काचेची, ती आरशासारखं वागणारच. खिडकीला जाड पडदा लावा किंवा सेट शेजारच्या भिंतीवर न्या. उजेड कमी पडतोय म्हणून तुम्ही ‘डायनॅमिक’ मोड लावून कॉन्ट्रास्ट १०० वर नेलाय, त्यानं चित्र सुधारत नाही, पॅनल झिजतो आणि वीज जाते. रात्री ‘सिनेमा’ मोडवर ठेवा. पहिले दोन दिवस पिवळट वाटेल, मग दुसरं काही आवडणार नाही.

गुणगुणण्याचं म्हणाल तर सेट प्लायवूडच्या शोकेसमध्ये कोंबलाय. मागं दोन बोटांची फट. मागची सगळी जाळी हवा जायला असते, तीच बंद झाली. प्लाझ्माला चित्र उजळ असलं की थोडा गूं आवाज असतोच, पण शोकेसचं लाकूड तो आवाज दुप्पट करतंय. मुलानं सेट जरा पुढं ओढल्यावर आवाज कमी झाला, तेव्हा काकू तिथंच उभ्या होत्या. असाच कोंडून ठेवला तर पॉवर सप्लायचे कपॅसिटर फुगणार आणि मग सस्टेन बोर्डावर (खणांना वीज पुरवणारा बोर्ड) येणार. ते काम होतं आमच्याकडं. पॅनलमागं कंपनीचा कागद चिकटवलेला असतो, त्यावर लिहिलेले व्होल्ट मीटर लावून जुळवावे लागतात. पण पॅनलची काच फुटली तर मात्र इलाज नाही, हे विकतानाच सांगतो.

वीज जास्त खातो, मान्य. तुमच्या मापाच्या आजच्या एलईडीपेक्षा साधारण १२० वॅट जास्त धरा. रोज ४ तास लावला तर महिन्याला पंधराएक युनिट. पण तुमच्याकडं तो सकाळी ७ ते रात्री ११ चालतो, मग फरक साठ युनिटांच्या घरात जाणार. त्यात महावितरणचा १०० युनिटांचा टप्पा ओलांडला की पुढचा दर वेगळा लागतो. बिल त्यामुळं वाढलंय.

आणि लोगो. दिवसभर एकच बातम्यांचं चॅनल, खाली लाल पट्टी, कोपऱ्यात न हलणारा लोगो. जिथं तेच तेच उजळत राहतं तिथला फॉस्फर लवकर थकतो. बिलाच्या मागं निळ्या शाईनं ‘न्यूज चॅनल सलग लावू नये’ हे माझ्याच अक्षरात आहे. तुमच्या घरी दिसली ती सावली फिकट आहे, कायमची नसावी. आठ-दहा दिवस बातम्या बंद ठेवून हलती चित्रं पूर्ण पडदाभर चालवा आणि मेनूत पिक्सल शिफ्ट (चित्र किंचित सरकवत राहणारी सोय) चालू करा. मुलानं ते दाखवलंय.

तर आता दोन वाटा आहेत. तुमच्या घरातल्या आप्पांना दिवसभर बातम्याच बघायच्या असतील तर प्लाझ्मा त्या हॉलचा नाही. सेट आम्ही त्याच किमतीला परत धरतो, वरचा फरक देऊन ४३ इंची एलईडी घेऊन जा. किंवा आप्पांना एक छोटा एलईडी आतल्या खोलीत लावा आणि प्लाझ्मा रात्रीच्या मॅचसाठी ठेवा. माझं मत विचाराल तर दुसरी वाट.

परत द्यायचा ठरला तर फोन करा, आमचा टेम्पो येईल. स्वतः आणणार असाल तर कृपा करून उभा आणा, दोन्ही बाजूंनी गादी लावून, आणि दोघांनी धरून. आडवा टाकलात तर काच दबून तडकते, मग तो परत घेता येणार नाही. स्टँड आणि त्याचे चार स्क्रू विसरू नका, ते स्क्रू आता कुठं मिळत नाहीत.