वर्षाचे पैसे घेतले, आणि डिसेंबरनंतरचं सांगता येत नाही: एक तारा देणाऱ्या श्रोत्याला उत्तर

नमस्कार.

स्मूथ जॅझ, म्हणजे जॅझचा शांत, कानाला सोपा प्रकार, वाजवणाऱ्या आमच्या ठाण्यातल्या इंटरनेट रेडिओला तुम्ही एक तारा दिलात, त्याखालचा मजकूर रविवारी सकाळी वाचला. उत्तर द्यायला दोन दिवस लागले, कारण एका मुद्द्यासाठी मला हिशेबाची वही आणि जुने मेसेज काढून तारखा लावाव्या लागल्या.

इतर वाचणाऱ्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात लिहितो. मार्चमध्ये आम्ही वर्षाच्या सभासदत्वाचे १,२०० रुपये घेतले आणि आता ‘डिसेंबरनंतर स्टेशन राहील का सांगता येत नाही’ असं जाहीर करतो, ही तुमच्या मते फसवणूक आहे. जुलैत एका रात्री साडेतीन तास स्टेशन मुकं होतं. तीच तीच गाणी लागतात. गाण्यांच्या मध्ये मराठी बडबड कशाला हवी. आणि शेवटी, स्मूथ जॅझची स्टेशनं अमेरिकेतच बंद पडली, तिथे ठाण्यात कोण ऐकणार होतं?

पैशांचं आधी बोलतो. फसवणूक हा शब्द झोंबला. पण तारखा लावल्यावर दिसलं ते असं: नौपाड्यातली आमची इमारत रिडेव्हलपमेंटला द्यायचं सोसायटीच्या सभेत फेब्रुवारीत ठरलं. मी तिथे लीव्ह अँड लायसन्सवर आहे, सभेत नव्हतो, पण घरमालकांनी त्याच आठवड्यात फोन करून सांगितलं होतं की वर्षअखेरीला जागा रिकामी करावी लागेल. म्हणजे मार्चमध्ये सभासदत्वाचं आवाहन मी माझ्या आवाजात रेकॉर्ड केलं तेव्हा ही गोष्ट मला माहीत होती. दुसरी जागा मिळेलच, उगाच लोकांना कशाला घाबरवा, असं मी मनाशी धरलं. ते चुकलं. पैसे घेण्याआधी हे सांगणं माझं काम होतं आणि तुमची त्याबद्दल मनापासून माफी मागतो.

माफीने पैसे परत येत नाहीत, म्हणून केलंय ते सांगतो. आपलं वर्ष एप्रिल ते मार्च. त्यातल्या जानेवारी, फेब्रुवारी, मार्चचे ३०० रुपये प्रत्येक सभासदाला याच महिन्यात परत जात आहेत. स्टेशन पुढे चालू राहिलं तरी ते परत मागणार नाही. ज्यांना आजपासूनची सगळीच उरलेली रक्कम हवी असेल त्यांनी फक्त कळवावं, कारण विचारणार नाही. नवीन वार्षिक सभासद घेणं बंद केलंय. महिन्याचे १०० रुपये भरणाऱ्यांचं पूर्वीसारखंच चालू आहे.

आता डिसेंबरनंतरचं. जागेचा प्रश्न सुटेल असं मला वाटतं. आमचा स्टुडिओ म्हणजे दहा बाय बाराची खोली, भिंतींना गोधड्या आणि फोम, एक मिक्सर, दोन माइक, दोन कॉम्प्युटर. कळव्याला किंवा खारीगावला अशी खोली उभी राहील. अडलंय ते गाणी वाजवायच्या हक्कांवर, आणि याबद्दल श्रोत्यांना कुणी कधी सांगत नाही, मीही सांगितलं नव्हतं.

एफएम स्टेशनला कॉपीराइट कायद्यातलं कलम ३१ड लागू होतं. २०१२ च्या दुरुस्तीत ते आलं. आगाऊ सूचना द्यायची, ठरवून दिलेल्या दराने रॉयल्टी भरायची आणि वाजवायचं. रेकॉर्डिंगच्या मालकाला अडवता येत नाही. इंटरनेटवरून ऐकवणाऱ्यांनाही ही सोय आहे का, हा वाद मुंबई उच्च न्यायालयात गेला. २०१९ मध्ये निकाल लागला की ती रेडिओ आणि टीव्हीच्या प्रसारणापुरतीच आहे, इंटरनेटला नाही. २०२२ मध्ये खंडपीठानेही तो निकाल कायम ठेवला. खटला मोठ्या कंपन्यांमधला होता. पण त्याचा अर्थ नौपाड्यातल्या एका खोलीपर्यंत येतो: आम्हाला प्रत्येक हक्कधारकाशी वेगळा करार करावा लागतो आणि आकडा तो सांगेल तो.

आमच्या संग्रहातला मोठा भाग एकाच हक्कधारकाकडचा होता. एप्रिलमध्ये करार नवा करायची वेळ आली तेव्हा मागणी आली आधीच्या रकमेच्या अडीचपट. आम्ही घासाघीस केली, हप्ते मागितले, जमलं नाही. ३० एप्रिलच्या रात्री मी स्वतः बसून फोल्डरमागून फोल्डर बंद केले आणि ४,२०० गाण्यांची यादी १,६०० वर आली. त्यातली कित्येक मी कॉलेजात असताना कॅसेटवर जमवलेली, मग सीडीवर, मग रीतसर परवान्याने स्टेशनवर आणलेली. फाइल डिस्कवर असते, वाजवायची मात्र नाही. सवयीने हात त्या नावावर जातो आणि मागे घ्यावा लागतो.

तीच तीच गाणी लागतात ही तुमची तक्रार इथून येते. ती खरी आहे. तासाला साधारण अकरा गाणी होतात. रात्री दहा ते दोन या वेळेला शोभतील अशी शांत गाणी आता आमच्याकडे जेमतेम चारशे उरली आहेत. म्हणजे रोज रात्री ऐकणाऱ्याला नवव्या-दहाव्या रात्री तीच पुन्हा भेटतात. तुमच्या कानाने ते बरोबर पकडलं. मी हे मे महिन्यातच जाहीर करायला हवं होतं.

एफएम का घेत नाही, असं बरेच जण विचारतात. खासगी एफएमची फ्रिक्वेन्सी लिलावात मिळते. २०१५ च्या लिलावात मुंबईच्या एका चॅनेलची बोली शंभर कोटींच्या पुढे गेली होती. कम्युनिटी रेडिओ हा दुसरा रस्ता, पण तो परवाना माणसाला किंवा माझ्यासारख्या व्यावसायिकाला मिळत नाही. त्यासाठी शैक्षणिक संस्था किंवा किमान तीन वर्षं जुनी ना-नफा संस्था लागते, आणि निम्मे कार्यक्रम त्या परिसरातच तयार झालेले हवेत. नियम चांगला आहे. आमच्या उपयोगाचा नाही.

जुलैतली रात्र. दोनच्या सुमारास स्टेशन गेलं. पाऊस तुम्हाला आठवत असेल. खिडकीतल्या एसीच्या फटीतून पाणी आत आलं, भिंतीवरून जाणाऱ्या केबलच्या अंगाने थेंब थेंब खाली सरकलं आणि नेमकं राउटरवर पडलं. आवाज एक मिनिट थांबला की माझ्या फोनवर अलार्म वाजतो अशी व्यवस्था होती. त्या रात्री आईला ताप होता, तिला झोप लागावी म्हणून मी फोन सायलेंटवर टाकला होता. साडेचारला पाणी प्यायला उठलो तेव्हा स्क्रीनवर एकोणीस मेसेज होते. कळव्याहून निघून पुलावरून नौपाड्याला पोचेपर्यंत पाच वाजले. खोलीत यूपीएस बीप बीप करत होता आणि ओल्या गोधड्यांचा वास सुटला होता. राउटर उलटा केला तर त्यातून चमचाभर पाणी निघालं. तो फेकला, घरून आणलेला लावला, आणि साडेपाचला पहिला सूर गेला. आता माझ्या घरी दुसरा कॉम्प्युटर कायम चालू असतो. स्टुडिओ गप्प झाला की तो दोन मिनिटांत ताबा घेतो. ऑगस्टमध्ये वीज गेली तेव्हा त्याने एकदा स्टेशन वाचवलं आहे. ही व्यवस्था पहिल्या दिवसापासून हवी होती.

इथपर्यंत तुमचं सगळं मान्य. मराठीबद्दल मात्र मी ऐकणार नाही.

तुम्ही म्हणता त्या बडबडीत रात्री साडेदहाला फार तर दहा वाक्यं असतात: कोण वाजवतंय, सॅक्सोफोन अल्टो आहे की सोप्रानो, मागे बास कसा चाललाय, कुठे कान द्यावा. हे इंग्रजीतून सांगितलं असतं तर तुम्हाला कदाचित खटकलं नसतं, कारण या संगीताला तीच भाषा शोभते अशी आपली समजूत झाली आहे. पण हे संगीत मुंबईच्या ओळखीचं फार आधीपासून आहे. १९३५ मध्ये अमेरिकन लिऑन ॲबी आपला बँड घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवायला आले. मागून पियानोवादक टेडी वेदरफोर्ड आले. त्यांच्या काळात गोव्याची मुलं हे शिकली, त्यातलेच एक अँतोनियो झेवियर वाझ, ज्यांना जग चिक चॉकलेट म्हणून ओळखतं. हे ट्रम्पेटवाले चिक चॉकलेट सी. रामचंद्रांच्या सोबत काम करत होते, आणि सी. रामचंद्र म्हणजे पुणतांब्याचे आपले रामचंद्र चितळकर. त्या जोडीच्या चालींवर आपल्या आईवडिलांनी लग्नाच्या वरातीत ठेका धरलाय. १९७८ मध्ये निरंजन झवेरींनी मुंबईत जॅझ यात्रा हा महोत्सव भरवला, अमेरिकन सॅक्सोफोनवादक सनी रॉलिन्स त्यात वाजवून गेले. एवढं सगळं रेल्वेने तासाभराच्या अंतरावर घडलेलं असताना ते ठाणेकराला मराठीत सांगायचं नाही, हे मला पटत नाही.

तलावपाळीजवळच्या चर्चच्या बाजूला एक काका राहतात. त्यांनी आयुष्यभर लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवलं. दर गुरुवारी संध्याकाळी ते स्टुडिओत येतात, क्लॅरिनेटच्या तोंडाची पातळ पट्टी, म्हणजे रीड, जिभेवर ओली करत बसतात आणि मी लावलेलं रेकॉर्डिंग डोळे मिटून ऐकतात. एकदा एका सोप्रानो सॅक्सोफोनवर मी थांबवलं आणि विचारलं, हे कसं केलं? त्यांनी क्लॅरिनेटवर तोच सूर काढून ओठ किंचित सैल केले आणि सूर घसरत खालच्या स्वरावर जाऊन बसला. म्हणाले, “सनईवाला याला मींड म्हणेल, त्याला शिकवावं लागणार नाही.” त्या गुरुवारी रात्री मी हे शब्द जसेच्या तसे ऐकवले. त्या दहा वाक्यांत असलं काही असतं. ती मी काढणार नाही.

अमेरिकेबद्दल तुमची माहिती बरोबर आहे. लॉस एंजेलिसचं द वेव्ह हे स्टेशन १९८७ मध्ये सुरू झालं आणि या प्रकाराला बळ मिळालं. न्यूयॉर्कच्या १०१.९ एफएमने फेब्रुवारी २००८ मध्ये तो सोडला, शिकागोच्या डब्ल्यूएनयूएने मे २००९ मध्ये. पण का सोडला तेही बघा. आधी तिथे श्रोते डायरीत लिहायचे की आपण काय ऐकलं, आणि या स्टेशनांचे श्रोते निष्ठेने त्यांचं नाव लिहायचे. मग माणसाच्या अंगावर ठेवायचं मीटर आलं, जे कानावर पडणारं प्रत्येक स्टेशन मिनिटामिनिटाने नोंदवतं. त्यात या स्टेशनांचे आकडे घसरले, आणि नेमकी तेव्हाच मंदी आल्याने जाहिरातीही आटल्या. तिथली स्टेशनं जाहिरातींवर जगत होती. आमच्या उत्पन्नात जाहिरात नावालाच आहे, आम्ही सभासदांवर चालतो. म्हणूनच तुमचे १,२०० रुपये आणि तुमचा विश्वास मला इतका लागतो.

ठाण्यात कोण ऐकतं? रात्री अकराच्या सुमारास सर्व्हरवर साधारण तीनशे जण जोडलेले असतात. वागळे इस्टेटमधल्या एका छपाईच्या कारखान्यात रात्रपाळी करणारे एक गृहस्थ अधूनमधून व्हॉइस मेसेज पाठवतात. मागे ऑफसेट मशिनचा ठेका चालू असतो आणि त्यावरून ते ओरडून सांगतात, “आत्ता लागलंय ते मागच्या मंगळवारी पण होतं!” तुमचीच तक्रार. ते महिन्याचे १०० रुपये भरतात आणि दर पहिल्या तारखेला न चुकता भरतात.

हक्कधारकाशी बोलणी पुन्हा सुरू झाली आहेत, कमी गाण्यांचा छोटा करार मागितला आहे. त्यासोबत इथल्या आणि गोव्यातल्या वादकांकडून थेट परवानगी घेऊन त्यांची स्वतःची रेकॉर्डिंग लावायला सुरुवात केली आहे. आजवर ऐंशी गाणी मिळाली आहेत, ती रात्रीच्या यादीत घातली. ३० नोव्हेंबरपर्यंत जे ठरेल ते त्याच रात्री साडेदहाला सांगेन, बंद करायचं ठरलं तरी.

तुमचे ३०० रुपये सोमवारी पाठवले, यूपीआयवर बघून घ्या. तारा बदलू नका, लिहिलेलं खरं आहे. फक्त कोणती गाणी कानाला सारखी टोचतात त्यांची नावं स्टेशनच्या ईमेलवर टाका, नाव आठवत नसेल तर दिवस आणि वेळ लिहा. आठवडाभरासाठी ती यादीतून काढून ठेवतो.