सगळा दोष द्रावकाचा नाही

पुन्हा रूट कॅनाल करताना जुनं भरण विरघळवायला वापरलेल्या द्रावकांमुळे दात काळवंडतो, असं एका लेखात म्हटलंय. मला वाटतं, मागे काय उरतं ते जास्त महत्त्वाचं. क्लोरोफॉर्म, झायलीन किंवा संत्र्याच्या सालीचं तेल गटापर्चा, म्हणजे दाताच्या मुळात भरलेला रबरासारखा पदार्थ, मऊ करतं. तो चिकट लगदा आणि जुना सीलर (गटापर्चा चिकटवणारी पेस्ट) दाताच्या वरच्या पोकळीत राहिला, की डेंटिनच्या (दाताच्या आतल्या थराच्या) बारीक नलिकांमधून रंग दिसायला लागतो. चांदी असलेल्या सीलरचा तर करडा डाग पडतो. (मार लागलेल्या दातात रक्तातलं लोहही हेच करतं.) त्यामुळे डॉक्टरांनी ही पोकळी हिरडीच्या थोडं खालपर्यंत अल्कोहोलच्या बोळ्याने नीट पुसायलाच हवी. समोरच्या दातांत या सफाईत घाई अजिबात परवडत नाही. आणि डाग पडलाच, तर कॅपसाठी चांगला दात कोरण्याआधी आतून ब्लीचिंग (दात आतून उजळवणं) होईल का, हे डॉक्टरांना जरूर विचारा.