'पंपिंग ६० टक्के होतं, मग हार्ट फेल कसं?' : एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई,

तुमच्या भावाबद्दल वाचून फार वाईट वाटलं. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटचा हृदयाचा उजवा कप्पा थकतो तेव्हा सलाईन आवरावं लागतं आणि मशीनचं प्रेशरही, असं मी गेल्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुमचा संताप समजण्यासारखा आहे. लेप्टोने (लेप्टोस्पायरोसिस या जंतुसंसर्गाने) भावाची फुप्फुसं गेली, बीपी ८० वर आलं, लघवी थांबली. अशा वेळी डॉक्टरांनी सलाईन बंद करून लॅसिक्स हे लघवी वाढवणारं औषध दिलं आणि सॅच्युरेशन ९० असतानाही प्रेशर कमी केलं. टूडी इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) पंपिंग ६० टक्के, म्हणजे नॉर्मल होतं, तरी कागदावर 'हार्ट फेल' लिहिलं. 'डॉक्टर डॉक्टरांना सांभाळून घेतात, आणि हे सगळं मोठ्या हॉस्पिटलांचं शास्त्र आहे,' असं तुम्ही म्हणता.

त्या डॉक्टरांचं बरोबर होतं की चूक, हे कागद न बघता मी सांगणार नाही. पण तुम्हाला जे एकमेकांविरुद्ध वाटतंय ते तसं नाही, एवढं समजावून सांगणं मला भाग आहे.

पंपिंगचा तो आकडा डाव्या कप्प्याचा असतो. डावा कप्पा रक्त सगळ्या शरीरात ढकलतो, म्हणजे १२० च्या आसपासच्या दाबाविरुद्ध. उजव्याला फक्त फुप्फुसांत ढकलायचं असतं, तिथला दाब जेमतेम २५. त्यामुळे त्याची भिंत पातळ, ३ ते ५ मिलिमीटरची. जास्तीचं रक्त तो सामावून घेतो, पण समोरचा दाब अचानक वाढला की ताणला जातो, फुगतो. मग डाव्याकडे रक्तच कमी पोचतं. जे पोचतं त्यातलं ६० टक्के तो इमानाने बाहेर टाकतो, पण मुळात तेच थोडं. म्हणून रिपोर्टातले ६० खरे आणि बीपीचे ८०ही खरे. अशा वेळी इकोत बघायचं ते वेगळंच असतं : उजवा कप्पा डाव्याच्या तुलनेत किती मोठा झालाय आणि मधला पडदा डावीकडे ढकलला गेलाय का.

समोरचा दाब वाढतो कशाने? आजारी फुप्फुसात ऑक्सिजन कमी पडला की तिथल्या रक्तवाहिन्या आकसतात, हे ऑयलर आणि लिल्येस्ट्रांड यांनी १९४६ मध्ये दाखवलं. कार्बन डायऑक्साइड आणि रक्तातली आम्लता वाढली तरी त्या आकसतात. त्यात मशीन हवा दाबाने आत ढकलतं. फुप्फुस फार फुगलं तर बारीक रक्तवाहिन्या चेपतात, फार मिटलं तरी अडथळा वाढतो. उजव्या कप्प्याला सोयीचं असतं ते मधलं कुठेतरी, आणि ते प्रत्येक पेशंटमध्ये शोधावं लागतं. एआरडीएसमुळे (फुप्फुसं सुजून त्यांत पाणी भरतं, त्या गंभीर अवस्थेमुळे) व्हेंटिलेटरवर असलेल्या साधारण पाचातल्या एका पेशंटचा उजवा कप्पा असा दमतो.

सॅच्युरेशन १०० दिसलं की नातेवाइकांना धीर येतो, हे मी रोज बघतो. पण एआरडीएसमध्ये ८८ ते ९५ हे ठरवून ठेवलेलं लक्ष्य आहे. १०० गाठायला प्रेशर वाढवत नेलं तर त्याची किंमत हृदय मोजतं. अर्थात ऑक्सिजन फार घसरू देणंही परवडत नाही, आणि प्रेशर आवरायला मशीनचे श्वास लहान केले की कार्बन डायऑक्साइड वर जातो. ही ओढाताण खरी आहे. त्यातून सुटायचा सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे पेशंटला पालथं झोपवणं. २०१३ मध्ये फ्रान्स-स्पेनमधल्या अभ्यासात गंभीर पेशंटना रोज सलग किमान १६ तास पालथं ठेवलं, तेव्हा २८ दिवसांतले मृत्यू ३३ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आले. पालथं केल्याने उजव्या कप्प्यावरचा भारही हलका होतो.

आता सलाईन. बीपी पडलं की सलाईन, लघवी थांबली की सलाईन, हे आपल्या मनात इतकं पक्कं बसलंय की बाटली काढलेली बघितली की उपचार सोडले असंच वाटतं. पण दोन्ही कप्पे एकाच पिशवीत बसलेले असतात. आधीच फुगलेल्या उजव्यात आणखी भरलं की मधला पडदा डाव्याची जागा खातो आणि बीपी आणखी पडतं. किडनीचं तर गणितच करून बघा. आत येणाऱ्या रक्ताचा सरासरी दाब ६५ आणि बाहेर पडणाऱ्या शिरेतला २०, तर किडनीच्या वाट्याला उरतात ४५. अशी लघवी तुंबलेल्या रक्तामुळे थांबते. पाणी कमी पडलं हे तिचं कारण नसतं. लॅसिक्स मागचा तुंबारा कमी करतं, नॉरअ‍ॅड हे बीपी वाढवणारं औषध पुढचा दाब उचलून धरतं आणि उजव्या कप्प्याच्या स्वतःच्या स्नायूलाही रक्त मिळवून देतं. म्हणून ही दोन्ही एकाच वेळी चालू असतात.

पण लेप्टोच्या सुरुवातीला उलट्या-तापाने सुकलेल्या पेशंटला सलाईन लागतंच, आणि हार्ट अटॅक उजव्या कप्प्याला आला असेल तर बऱ्याचदा थोडं द्यावं लागतं. माझा लेख दाखवून कुणी वॉर्डात 'सलाईन बंद करा' म्हणू नये. कधी द्यायचं आणि कधी थांबायचं, हे दर काही तासांनी पलंगाजवळ इको करूनच ठरतं.

मोठ्या हॉस्पिटलांच्या शास्त्राबद्दल. यात महागडं आहे ते नायट्रिक ऑक्साइड, फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या सैल करणारा वायू. त्याने ऑक्सिजन थोडा वेळ सुधारतो, पण एआरडीएसमधले मृत्यू कमी झालेले नाहीत. नॉरअ‍ॅड, लॅसिक्स, पालथं झोपवणं हे सगळं मुंबईतल्या सरकारी आयसीयूतही होतं. कमी पडतात ती माणसं. नळी घातलेल्या पेशंटला सुखरूप पालथं करायला चार-पाच जण लागतात, आणि पावसाळ्यात भरलेल्या आयसीयूत रात्री तीन वाजता तेवढे हात कुठून आणायचे? तुमचा राग इथे असेल तर मी तुमच्या बाजूने आहे, आणि हे मी यापुढेही लिहीत राहीन.

हॉस्पिटलकडे केसपेपरची पूर्ण प्रत लेखी मागा. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार अर्ज केल्यापासून ७२ तासांत ती द्यावी लागते. त्यात व्हेंटिलेटरचा चार्ट, इनटेक-आउटपुट (किती पाणी आत गेलं, किती बाहेर आलं), एबीजी (रक्तातल्या ऑक्सिजन-कार्बन डायऑक्साइडची तपासणी) आणि इकोचा पूर्ण रिपोर्ट आहे ना, हे तपासून घ्या. इथे काही टाकू नका, मला ईमेल करा. बीपी पडलं त्याच्या आदल्या बारा तासांत किती सलाईन गेलं आणि प्लॅटू प्रेशर (श्वास आत भरून थांबल्यावरचा फुप्फुसातला दाब) किती होतं, तिथून मी वाचायला सुरुवात करेन, आणि जे दिसेल ते तुम्हाला स्पष्ट सांगेन.