लसणाने रक्त थांबतं म्हणे!

रविवारी नागपूरच्या महाल भागात मामीकडे गेले, तर मामांची गोळ्यांची डबी फ्रिजवर भरलेलीच. सोमवारपासून एकही खण रिकामा नाही. ओट्यावर सोललेल्या लसणाची वाटी. पुढच्या आठवड्यात धंतोलीतल्या हॉस्पिटलात त्यांच्या डोक्यातली गाठ, मेनिन्जिओमा, काढायची आहे. मामीला फॉरवर्ड आला होता: मेंदूच्या ऑपरेशनात रक्तस्राव झाला म्हणजे डॉक्टरने नस कापली, ऑपरेशन अर्धवट सोडलं म्हणजे नक्कीच, रक्ताच्या पिशव्या मागतात तो धंदा, पंधरा दिवस आधी सगळ्या गोळ्या बंद करून कच्चा लसूण खा, थेंबभरही वाहणार नाही.

"नुकसान तर नाही न काही?" मामी म्हणाली.

आहे! रक्त थांबवणाऱ्या प्लेटलेटना लसूण एकमेकींना चिकटूच देत नाही. फोडणीतल्या दोन पाकळ्यांचं सोडा. पण रोज मूठभर कच्चा खात असाल, तर ते भूल देणाऱ्या डॉक्टरांना सांगायला हवं. आणि 'सगळ्या गोळ्यां'त बीपीचीही आली. चढलेलं बीपी म्हणजे ऑपरेशननंतर कवटीत रक्त साचायला आमंत्रण. फिटची गोळी अचानक सोडली तर झटका येऊ शकतो, ते वेगळंच.

बरं, गोळ्या बंद करण्याचं अर्धं खरं आहे. अ‍ॅस्पिरिन बरेचदा आधी थांबवतात, कारण तिने निकामी केलेल्या प्लेटलेट सुधरत नाहीत, नव्या यायला आठवडा-दहा दिवस जातात. पण हृदयाच्या धमनीत स्टेंट, म्हणजे जाळीची नळी, बसवलेल्याने ती मनानेच सोडली, तर स्टेंटमध्येच गुठळी व्हायची.

राहिली 'नस कापली'ची गोष्ट. हृदयातून निघणाऱ्या रक्तापैकी सुमारे १५ टक्के एकट्या मेंदूला जातं, आणि मेनिन्जिओमा तर मेंदूच्या आवरणाच्या धमन्यांवरच पोसलेला असतो. म्हणजे कुणी चुकून नस न कापताही रक्त वाहू शकतं. क्वचित ऑपरेशन वरच्या भागात आणि रक्तस्राव मागे लहान मेंदूत, जिथे हत्यार पोचलेलंही नसतं. अर्धवट सोडण्याचं म्हणाल, तर मेंदूच्या शस्त्रक्रियेचा पाया घालणाऱ्या हार्वे कुशिंगनेही १९२६ मध्ये बोस्टनला एका रुग्णाचं ऑपरेशन रक्त आवरेना म्हणून मध्येच थांबवलं होतं. काही दिवसांनी, १ ऑक्टोबरला, विल्यम बोवीचं विजेवर रक्तवाहिन्या डागणारं यंत्र आणून तीच गाठ काढली. त्याने काय धंदा केला?

पिशव्यांचं तर सोडाच. कवटी उघडल्यावर रक्त शोधत फिरायचं का?

तिथेच मामांचं बीपी मोजलं: १७८/१०४. डॉक्टरांना फोन केला. तारीख पुढे ढकलायची की नाही, ते उद्या सांगणार आहेत. लसणाची मामीने चटणी केली.