वेळापत्रक शाळेचं, ओहोटी समुद्राची

सागरी संवर्धनात मुलांना कसं सामील करून घ्यायचं, हे शिक्षकांना शिकवणं सोपं असेल असं कुणालाही वाटतं. निदान ते पळत तरी नाहीत. खरंच पळत नाहीत. बसतात. आणि उघड्या किनाऱ्यावरही त्यांची मागची रांग कशी तयार होते, हे कोडं मला सुटलेलं नाही.

पहिली लढाई वेळापत्रकाशी. 'किनारा निरीक्षण, दर शनिवारी सकाळी 9' असा सही-शिक्क्याचा कागद हातात पडतो. आता दिवसातून दोनदा भरती येणाऱ्या किनाऱ्यावर ओहोटी रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते. सात दिवसांची झाली 350, म्हणजे जवळपास सहा तास. या शनिवारी 9 वाजता खडक उघडे पडले असतील, तर पुढच्या शनिवारी त्याच ठोक्याला त्यांच्यावर पुरती भरती. मुख्याध्यापक म्हणतात, वेळ बदलता येणार नाही. चंद्राचंही तेच म्हणणं असतं. शेवटी शनिवाराआड जायचं ठरतं आणि तडजोड म्हणून सगळे सह्या करतात.

उतरायचं ते पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी, आणि पाणी फिरलं की निघायचं. भरतीच्या तिसऱ्या-चौथ्या तासात मिळून साधारण निम्मं पाणी चढतं, ते काही शिट्टी वाजवून येत नाही. "सर, अजून पाचच मिनिटं!" हे मुलं म्हणत नाहीत. शिक्षक म्हणतात.

मग चौकट, खडकावर ठेवून तिच्या आत काय किती आहे ते मोजायची. अर्धा इंची पीव्हीसी पाइप, चार एल्बो (कोपऱ्याचे जोड), आतून 50 सेंटिमीटर बाजू. सगळे पाइपच 50 सेंटिमीटरचे कापतात, त्यात एल्बोची भर पडते आणि गणिताच्या सरांचाही चौरस मोठा होतो. दर 10 सेंटिमीटरवर दोरा बांधला की 25 घरं पडतात. एक घर म्हणजे चौकटीतल्या जागेचे 4 टक्के. पाइपला भोकं पाडायची, नाहीतर आतल्या हवेमुळे चौकट तरंगते आणि विज्ञानाच्या बाई तिच्यामागे गुडघाभर पाण्यात.

चौकट कुठे ठेवायची? मोजपट्टी अंथरून, चिठ्ठीत येईल त्या आकड्यावर. प्रत्यक्षात ती हळूहळू सरकत सरकत जिथे खेकडा आहे तिथे पोचते. कोरड्या खडकाची नोंद करणं कुणालाच शोभत नाही. 'काही नाही' हीसुद्धा नोंदच आहे, हे पटवण्यात निम्मा दिवस जातो. उरलेल्या निम्म्यात उलटलेले दगड पुन्हा होते तसे ठेवा, शेवाळाची बाजू वर, असं ओरडत हिंडायचं. रिकामे शंखही खिशात घालायचे नाहीत, शंखात राहणाऱ्या खेकड्यांचं पुढचं घर तेच असतं. हे ऐकताना प्रत्येकाचा एक हात खिशावर असतो.

सगळ्यात अवघड वाक्य तीन शब्दांचं: "मला माहीत नाही." मुलानं प्राण्याचं नाव विचारलं की शिक्षकाला काहीतरी सांगावंच लागतं. मग एकाच दिवसात एकाच गोगलगायीची तीन बारशी होतात.

शेवटी वाळूतलं प्लॅस्टिक शोधायचा मिठाचा प्रयोग. एक लिटर पाण्यात विरघळेल तेवढं, म्हणजे साधारण 360 ग्रॅम मीठ. त्यात 5 मिलिमीटरच्या चाळणीतून गाळलेली कोरडी वाळू टाकून ढवळायचं आणि पाणी निवळू द्यायचं. पिशव्यांचे, दोऱ्यांचे, थर्माकोलचे कण वर येतात. पानांचा चुराही येतो आणि उत्साहात प्लॅस्टिक म्हणून मोजला जातो. शंका आली तर तापवलेली सुई टेकवायची (शिक्षकांनीच), प्लॅस्टिक वितळतं, पान वितळत नाही. पाण्याच्या बाटलीचं प्लॅस्टिक आणि पीव्हीसी मात्र या पाण्यातही बुडतात, त्यामुळे तळ बघून 'वाळू स्वच्छ' असं लिहायचं नाही.

एवढं झालं की सगळे सामूहिक फोटोसाठी उभे राहतात. मागे 'प्लॅस्टिकमुक्त किनारा' असा आठ फुटी फ्लेक्स. तोही पीव्हीसीच. फाटून त्याचे तुकडे वाळूत मिसळले, तर आमच्या प्रयोगात ते तळाशीच बसतील.