पे खाली तीन नुक्ते

मध अण्णांना मिळाला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं मी कितीही मोठेपणाचा आव आणला तरी खरं दुखणं कुठंय ते तुम्हाला कळेल. साधासुधा मध नव्हे. येमेनमधल्या हद्रमौतचा, सिद्र नावाच्या झाडाचा. हे झाड आपल्या बोरीच्याच कुळातलं, पण त्याचा मध अरब लोक औषधासारखा जपून वापरतात. तिकडच्याच एका पोराला इंग्रजी शिकवलं मी, अन् त्यानं आणलेली बरणी गेली अण्णांच्या कपाटात. अण्णांना शुगर आहे. कपाटाला कुलूप आहे.

अण्णा म्हणजे आमचे घरमालक. बेगमपुऱ्यातलं जुनं घर, नव्वदीला टेकलेला देह, अन् ओसरीत बाज. माझ्या शिकवण्याही त्याच ओसरीत चालतात, कारण आतल्या खोलीत पाण्याचे ड्रम आहेत. छत्रपती संभाजीनगरात नळाला पाणी कधी येईल याचा नेम नसतो, त्यामुळं माणसांआधी ड्रमची सोय बघावी लागते.

विद्यापीठामुळं येमेन-सुदानकडची पोरं या शहरात बऱ्याच वर्षांपासून येतात. त्यांना शिकवणं म्हणजे खरंच सुख. पाच वाजता म्हटलं की पावणेपाचला दारात. चार वाक्यं लिहून आणायला सांगितली तर वहीभर लिहून आणणार, अन् वर विचारणार की आणखी काय करू. आमच्या दहावीच्या पोरांना मी एकदा निबंध लिहायला सांगितला, तर म्हणाली, "मॅडम, आयएमपी तेवढं सांगा की." त्यांचे वडील फी सोयाबीन विकल्यावर देतात. सोयाबीनला भाव आला नाही की पुढच्या वर्षी. भाव येत नाही हे मलाही दिसतं, त्यामुळं तोंड उघडून मागताही येत नाही. येमेनच्या पोरानं पहिल्या तारखेला पाकिटात घालून फी दिली, तेव्हा मी पाकीट उलटंपालटं करून पाहिलं. वाटलं, लग्नाची पत्रिका असेल.

तर या पोराचं घोडं 'प'पाशी अडलेलं. अरबीत 'प' नाही. पार्किंगचं बार्किंग, पेपरचा बेबर. यावर उपाय ठरलेला आहे. ओठांसमोर कागदाची पट्टी धरायची. 'प' म्हटल्यावर ती हलली पाहिजे. आमची पट्टी हलत नव्हती. बाजेवरून अण्णा बघत होते.

"मास्तरीणबाई, ह्याला प कामून येईना?"

"अण्णा, त्यांच्या भाषेत प नाहीये."

"नाही? मग पाण्याला काय म्हणतेत?"

"त्यांचा वेगळा शब्द आहे."

"अन् पैठणला?"

"पैठणचं नाव घ्यायची वेळच येत नाही त्यांच्यावर."

"असं कसं? जायकवाडीचं पाणी पितंय लेकरू, अन् पैठण म्हणता येईना?"

मी पट्टी पुन्हा पोराच्या तोंडासमोर धरली. अण्णा उठायला लागले. अण्णांचं उठणं हा एक कार्यक्रम असतो. आधी धोतराचा सोगा, मग काठी, मग विठ्ठलाचा धावा, मग काठी पडते, मग ती मी उचलते. हे सगळं होईपर्यंत पोरगा अदबीनं उभा. त्यांच्याकडं म्हातारं माणूस उठलं की उभं राहतात म्हणे. आमची दहावीची पोरं अण्णांची बाज ओलांडून जातात.

अण्णांनी माझ्या हातातला खडू घेतला अन् फळ्यावर उजवीकडून डावीकडं एक होडी काढली. होडीखाली एक टिंब दिलं.

"हे काय?"

"बा!" पोरगा जवळजवळ ओरडलाच.

अण्णांनी खाली आणखी दोन टिंबं दिली. "अब ये पे है. एक नुक्ता बे, तीन नुक्ते पे. तू एक नुक्त्याचा जोर लावतो, म्हणून बे निघतो. दोन नुक्ते और लगाव!"

पोराला दखनी कळत नाही. टिंबं कळली. त्यानं गाल फुगवून दोन नुक्त्यांचा जादा जोर लावला. पट्टी फडफडली.

"पैठण," अण्णा म्हणाले.

"पैठण," पोरगा म्हणाला.

"व्हेरी गुड," अण्णा म्हणाले. त्यांचं इंग्रजी इथं संपतं.

माझं बी.एड. इंग्रजी मेथड घेऊन झालंय. त्यात नुक्त्यांचं प्रकरण नव्हतं. अण्णांची शाळा निजामाच्या राजवटीत सुरू झाली, म्हणून उर्दू. 17 सप्टेंबर 1948 ला मराठवाडा मुक्त झाला, पुढं उर्दू सुटली, पण अक्षरं डोक्यात तशीच राहिली. एवढी वर्षं त्यांचा उपयोग जुन्या सातबाऱ्यांवरून भांडण्यापुरता व्हायचा. आता त्यांना रोज गिऱ्हाईक मिळालं. पोराच्या मोबाइलवरचं अरबी वर्तमानपत्र ते मोठ्यानं वाचून दाखवायचे. अक्षरं ओळखीची, अर्थाचा पत्ता नाही. पोरगा डोळे मिटून ऐकायचा. कुठं युद्धाची बातमी असेल, कुठं साबणाची जाहिरात. अण्णांचा सूर हरिपाठाचाच.

मग इतिहास सुरू झाला. निजामाच्या फौजेत हद्रमौतचे अरब होते, हे खरंच आहे. हैदराबादला बारकसमध्ये त्यांचे वंशज अजून राहतात. पण अण्णांनी दोन दिवसांत याच पोराच्या पणजोबाला दौलताबादच्या किल्ल्यावर पहाऱ्याला उभं केलं, अन् तो पणजोबा अण्णांच्या आजोबांचे पैसे बुडवून गेला असंही ठरवलं. "जाऊ द्या," म्हणाले, "ह्या लेकराकडून काय वसूल करता!" या सगळ्यात माझ्या कंडिशनल वाक्यांचा तास बुडाला. कंडिशनलची उदाहरणं मी ड्रमवरून बेतली होती. नळ आला तर ड्रम भरीन, आला असता तर भरला असता. नळ खरोखर आला तेव्हा पोरानं न सांगता सगळे ड्रम भरले, आणि अण्णांनी त्याला सांगितलं की हाही अभ्यासच आहे.

पोराला मलेशियात पुढं शिकायचं होतं, त्यासाठी आयेल्ट्स, म्हणजे बाहेर शिकायला जाणाऱ्यांची इंग्रजीची परीक्षा. बोलण्याच्या परीक्षेत एक कार्ड देतात, मिनिटभर विचार करायचा अन् दोन मिनिटांपर्यंत बोलायचं. मी पोराकडून शंभर कार्डं घोटून घेतली असतील. पुण्याला जाऊन परीक्षा दिली, बोलण्यात सात बँड मिळाले. आनंदानं सांगायला आला. कार्ड काय आलं होतं विचारलं, तर म्हणाला, तुम्हाला काही महत्त्वाचं शिकवणाऱ्या व्यक्तीबद्दल बोला.

मी पदर सावरला.

"आय स्पोक अबाउट अण्णा," तो म्हणाला. पुढं 'परफेक्ट', 'पेशंट' आणि 'पैठण' असे तिन्ही 'प' अगदी स्वच्छ उच्चारले.

गावी जाऊन आल्यावर मधाची बरणी आणली, ती दोन्ही हातांनी अण्णांना दिली. मला खजूर मिळाले. चांगले होते. पण मी लिहून दिलेले पंचवीस निबंध, तपासलेल्या वह्या, रात्री बारा वाजता व्हॉट्सअ‍ॅपवर दुरुस्त केलेली वाक्यं, त्यांचं काय? शेजारच्या बाईंनीही परवा माझंच कौतुक करावं तसं विचारलं, "अण्णांचा विद्यार्थी गेला का हो मलेशियाला?" इंग्रजी शिकवणं म्हणजे नुसतं बोलत बसायचं काम, असं यांना वाटतं. म्हणूनच फी उशिरा देतात.

काल संध्याकाळी सुदानचे दोघं आले. दारातच वाकून विचारलं, अण्णा सरांचा क्लास इथंच का? मी आतून फीचा कागद आणेपर्यंत अण्णांनी त्यांना बाजेवर बसवून घेतलं होतं, फळ्यावर होडी काढली होती अन् फीसुद्धा सांगून टाकली होती. माझ्यापेक्षा पाचशे रुपये कमी.