सहा सूत म्हणजे पाऊण इंच

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेले तीन आठवडे एका टेबलावरून भांडण चालू आहे. टेबल अजून झालेलंच नाही.

भावानं जुळे सोलापुरात दोन बेडरूमचा फ्लॅट घेतला. त्याचा मुलगा अकरावीत, त्याला अभ्यासाचं टेबल हवंय. वहिनीनं होटगी रोडवरच्या एका दुकानात मॉड्युलर बघून ठेवलं. दादा म्हणतो मिस्त्रीला बोलवू, एका दमात किचनच्या ट्रॉल्याही होऊन जातील. आणि पोरगं म्हणतं, मी स्वतः करणार, आत्यासारखं. आत्या म्हणजे मी. अमेरिकेत मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्सला राहते, आणि चार वर्षांपूर्वी गॅरेजमध्ये नकाशा बघून जेवणाचं टेबल केलं होतं. त्याचे फोटो मीच ग्रुपवर टाकले होते, म्हणजे काडी माझीच.

सगळ्यात जास्त चिडले बाबा. "आपल्याकडं मिस्त्री मिळतो. मग त्याच्या पोटावर पाय कशाला?" एवढंच म्हणाले आणि दोन दिवस ग्रुपवर आले नाहीत.

आता मी पोराची बाजू घेणार, 'तिकडं बघा, डॉक्टरसुद्धा स्वतःचं कपाट स्वतः करतो' असं काहीतरी सुनावणार, अशी सगळ्यांची अपेक्षा. नवीन नवीन आले होते तेव्हा सुनावलंही असतं. आता जीभ रेटत नाही, कारण इथं माणसं हातात करवत का धरतात हे मला जरा कळलंय.

भिंतीत बसणारी पुस्तकांची मांडणी करून घ्यायची म्हणून मी इथल्या एका सुताराला बोलावलं होतं. त्यानं टेप लावली, वहीत लिहिलं आणि आकडा सांगितला. तेवढ्या पैशांत मी सोलापूरला जाऊन परत आले असते. दुसऱ्या आठवड्यात मी लाकडाच्या दुकानात उभी होते. इथल्या हौसेमागं बऱ्याचदा हे असतं. कारागिराची मजुरी परवडत नाही, घराला गॅरेज असतं, लाकूड वाळवून रंधून तयार मिळतं, मापं सांगितली तर दुकानवाला कापूनही देतो, आणि फळ्या घरी आणायला गाडी असते. यातलं गॅरेज काढून घ्या, निम्मे हौशी सुतार दुसऱ्या दिवशी मॉड्युलरच्या दुकानात दिसतील. जुळे सोलापुरातल्या चौथ्या मजल्यावर करवत चालवायची तर खालच्या काकूंची दुपारची झोप आधी मोजावी लागते. त्यामुळं 'तिकडची माणसं स्वावलंबी आणि आपली आळशी' हे मला पटत नाही. हा फरक स्वभावापेक्षा जागेचा आणि मजुरीचा जास्त आहे.

त्यात हे गाव म्हणजे एके काळची 'फर्निचर सिटी'. १८७६ च्या फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात इथलं फर्निचर गाजलं आणि पुढं नदीकाठी कारखान्यांची रांग लागली. १९११ साली इथल्या फर्निचर कामगारांनी मोठा संप केला, उन्हाळाभर चालला आणि मोडला. नंतर लाकूड आणि मजूर दोन्ही स्वस्त म्हणून बरंचसं काम दक्षिणेकडच्या राज्यांत गेलं. ऑफिसच्या खुर्च्या-टेबलांच्या कंपन्या मागं राहिल्या आणि जुन्या इमारतींत आता महागडे फ्लॅट झालेत. लक्ष्मी-विष्णू ही जुनी कापडगिरणी बंद पडलेल्या सोलापुरातून आलेल्या मुलीला ही गोष्ट कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. कारागिराचं गाव कारागिराविना कसं दिसतं, ते मी दोन्हीकडं बघितलंय. म्हणून बाबांचा मुद्दा मला हसण्यावारी नेता येत नाही.

आता त्या टेबलाचं. फोटोत दिसलं नाही ते सांगते.

नकाशा बारा पानांचा. पहिल्या पानावर खरेदीची यादी, दुसऱ्यावर कापायची यादी, म्हणजे कुठला तुकडा किती लांब आणि किती नग. वरच्या भागाला सहा 'वन बाय सिक्स' फळ्या. नकाशातली खालची चौकट मला अरुंद वाटली. सहा सक छत्तीस, मग चौकट छत्तीसच्या हिशेबाची नको का, असा शहाणपणा करून मी ती रुंद कापली. फळ्या शेजारी शेजारी मांडल्या तर भरल्या तेहतीस इंच. अमेरिकेत 'वन बाय सिक्स' हे नुसतं नाव. ते ओल्या, रंधा न मारलेल्या फळीचं माप. वाळवून, रंधून दुकानात येईपर्यंत ती पाऊण इंच जाड आणि साडेपाच इंच रुंद राहते. प्रसिद्ध 'टू बाय फोर'सुद्धा प्रत्यक्षात दीड बाय साडेतीन. हे इथल्या शाळकरी पोराला माहीत असतं म्हणून नकाशात लिहिलेलं नसतं. मी सातवी फळी उभी चिरून तीन इंचाची पट्टी घातली. आजही जेवायला बसलं की माझ्या ताटाखाली ती पट्टी असते.

ते निभावलं. पुढचं डिसेंबरात झालं. हीटर दिवसरात्र चालू, घरातली हवा पापडासारखी कोरडी. एका रात्री स्वयंपाकघरातून काडकन आवाज आला. मला वाटलं काच फुटली. सकाळी बघितलं तर टेबलाच्या एका टोकापासून हातभर लांब चीर, तिच्यात पोस्टकार्ड जाईल एवढी. टेबल सुबक दिसावं म्हणून दोन्ही टोकांना फळ्यांना आडवी एकेक पट्टी होती. नकाशाप्रमाणंच बसवली होती, गम लावून आणि तिरकी भोकं पाडून स्क्रू पिळून.

मी सोलापूरला फोन लावला. आमच्या घराची दारं ज्यांनी केली त्या मिस्त्रींना.

"ताई, आडवी पट्टी गमनं बसवली?"

"गम आणि स्क्रू."

"सगळीकडं?"

"सगळीकडं."

"मग फाटणारच की. लाकूड लांबीला हलत नाही, रुंदीला हलतं. तुमच्या देवघराच्या दाराचं पॅनेल बघितलंय का कधी? चारी बाजूंनी खाचेत नुसतं उभं आहे. खिळा नाही, गम नाही. पावसाळ्यात फुगतंय, उन्हाळ्यात आटतंय, आपलं आपल्या जागेत."

बघितलं होतं की. एप्रिल-मेमध्ये त्या पॅनेलच्या कडेला पॉलिश न लागलेली फिकट रेघ दिसायची. आषाढात ती गायब. लहानपणी मला वाटायचं आई ती पुसते. दार पॉलिश केलं तेव्हा पॅनेल फुगलेलं होतं. उन्हाळ्यात ते आटलं की झाकलेली कड बाहेर डोकवायची, एवढी साधी गोष्ट. त्या दारासमोर मी वीस वर्षं हात जोडले आणि ती कळायला मिशिगनमध्ये एक टेबल फाडावं लागलं. तेहतीस-छत्तीस इंच रुंद पाईन, मिशिगनमधल्या दमट उन्हाळ्यातून हीटरच्या हिवाळ्यात गेलं की दोन-अडीच सूत सहज आटतं. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. त्याला आटायला जागा ठेवली नाही तर ते स्वतःच करून घेतं. नकाशा काढणाऱ्याला फोटो चांगला यायला हवा होता. टेबलाचा पहिला हिवाळा त्यानं बघितला होता की नाही, कोण जाणे.

म्हणजे मिस्त्री शहाणा आणि कागद खोटा, असं म्हणून मी बाबांकडं जाऊन बसले असते. पण दादाच्या आधीच्या घरातली वॉर्डरोब मला आठवते. याच मिस्त्रींनी केलेली. काम दणकट, सगळं कसं ठोकून घ्यावं. पण कागद नाही. पेन्सिलनं भिंतीवर चार रेघा, बाकी सगळं डोक्यात. प्लायवुडचे नऊ ताव सांगितले, बारा लागले. खालचा ड्रॉवर बनला आणि मग कळलं की पलंगाला अडतोय, पुरता उघडत नाही. दादानं विचारलं, मिस्त्री म्हणाले तुम्हीच इथं सांगितलं होतं. कागद नसल्यामुळं भांडायलाही काही हातात नव्हतं. शेवटी ड्रॉवर 'मोज्यांसाठी' ठरला, कारण हात तेवढाच आत जातो.

आठ बाय चारच्या तावातून दोन फुटांचे किती तुकडे लांबीत निघतात? चार म्हणाल तर फसलात. करवतीच्या प्रत्येक वाटेला साधारण एक सूत जातं. तीन काप, तीन सूत, आणि शेवटचा तुकडा तेवढा आखूड. मोठ्या वॉर्डरोबमध्ये असे पन्नास काप असतात. हे आधी कागदावर मांडलं की ताव कुठून वाचतो आणि ड्रॉवर कुठं अडतो ते फळी कापायच्या आधी दिसतं. इथून काही आपल्याकडं न्यावं असं मला वाटत असेल तर ही कापायची यादी. मशीन नको, 'स्वतः करा'चा उपदेशही नको. गिऱ्हाईक आणि मिस्त्री दोघांनी सही करावी असा एक कागद. १९७४ साली इटलीतल्या एन्झो मारी या डिझायनरनं साध्या फळ्या-खिळ्यांच्या फर्निचरचे नकाशे काढले आणि टपालखर्च पाठवणाऱ्या कुणालाही दिले. पैसे वाचावेत हा त्याचा हेतू नव्हता. एकदा हातानं केलं की दुकानातली वस्तू बघायची नजर येते, असं त्याचं म्हणणं.

हे मी बाबांना फोनवर सांगितलं. आणि इथं मी हरले.

बाबांनी सारी नोकरी चादरीच्या कारखान्यात डिझाईन काढण्यात घालवली. सोलापुरी चादरीवरचा मोर मागावर असाच उतरत नाही. आधी चौकटींच्या कागदावर ग्राफ काढायचा, एकेक चौकोन भरायचा, त्याबरहुकूम पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडायची, ती कार्डं दोऱ्यानं माळेसारखी ओवून जॅकार्डवर, म्हणजे मागावरच्या नक्षीच्या यंत्रावर, चढवायची. भोक असेल तिथं तार, म्हणजे उभा धागा, उचलली जाते, नसेल तिथं खाली राहते. आमच्या घरात ग्राफच्या सुरळ्या गहू-ज्वारीच्या डब्यांमागं असायच्या. नकाशाचं महत्त्व मी कुणाला शिकवत होते!

"मी पस्तीस वर्षं ग्राफ काढले," बाबा म्हणाले. "एक चादर विणली नाही. काढणारा वेगळा, विणणारा वेगळा. दोघांची पोटं त्यात भरली. आता तू म्हणतेस एकानंच सगळं करायचं."

याला माझ्याकडं चोख उत्तर नाही. अर्धंमुर्धं आहे. काढणारा वेगळा आणि विणणारा वेगळा एवढ्यावर ते थांबलं नाही ना आपल्याकडं. काढणाऱ्याला खुर्ची मिळाली आणि विणणारा घामेजल्या बनियनवर राहिला. सुतार तर बारा बलुतेदारांतला, त्याचं काम त्याच्या जातीचं. बाकीच्यांनी रंधा हातात धरला तर शोभत नाही. शाळेत कार्यानुभवाच्या तासाला आम्ही मुलींनी कागदी फुलं केली, मुलांनी खडू केले. लाकूड कुणाच्याच हातात आलं नाही. २०२० च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना सुतार, कुंभार, माळी अशांकडं जाऊन शिकावं असं लिहिलंय. वाचायला छान. दुसरीकडं सप्टेंबर २०२३ मध्ये कारागिरांसाठी केंद्र सरकारची विश्वकर्मा योजना आली. अठरा व्यवसाय, सुतारकाम त्यातलं एक, हत्यारांसाठी पंधरा हजार रुपये, स्वस्त कर्ज. दादा त्याचं कौतुक करतो. तामिळनाडू सरकारनं मात्र यानं पोरं बापाच्याच धंद्याला बांधली जातील म्हणून ती आहे त्या रूपात नाकारली. मला दोन्हीत तथ्य दिसतं. हत्यारांना पैसे जरूर द्या. पण आमच्या मिस्त्रींचा मुलगा फार्मसी करतोय, त्याला रंध्याकडं वळवू नका, आणि माझ्या भाच्याला रंधा धरताना अडवू नका. जातीची गाठ दोन्ही टोकांनी सैल व्हायला हवी. एका टोकानं ओढली तर घट्टच होते.

म्हणून मी ग्रुपवर माझं मत टाकलं. पोरानं टेबल करावं. पण मिस्त्रींना दोन दिवसांची पूर्ण मजुरी देऊन बोलवावं, त्यांनी फक्त उभं राहून सांगायचं. दादानं हसण्याचे तीन चेहरे पाठवले. काम न करता मजुरी? मी म्हटलं, क्लासवाल्याला फिजिक्सचे देतोस तेव्हा तो तुझ्या घरी येऊन कुठलं काम करतो?

चार दिवस शांतता. मग रविवारी पोराचा फोटो आला. ग्राफच्या कागदावर टेबल, समोरून, बाजूनं, वरून. कागद जुना, कडा पिवळ्या, म्हणजे डब्यांमागच्या सुरळीतला. आणि पेन्सिलच्या रेघांवर लाल खुणा. पोरानं पायांची जाडी रुंदीत दोनदा धरली होती, ती कुणीतरी दुरुस्त केलेली. लाल पेन्सिल आमच्या घरात एकाच माणसाकडं असते. खाली पोराचा प्रश्न होता, "आत्या, पाऊण इंच म्हणजे सहा सूत ना?"

मिस्त्री दोन दिवसांच्या मजुरीला तयार झाले. वखारीत पोराला बरोबर नेलं, पाचसहा फळ्या उचलून टोकाकडून एका डोळ्यानं बघायला शिकवलं, पीळ आलेल्या बाजूला काढायला लावल्या. कुसू आणि खाच, म्हणजे लाकडात लाकूड अडकवायचा सांधा, हातानंच करायची असं दोघांत ठरलंय, मशीन नाही, म्हणजे खालच्या काकूंचा प्रश्न मिटला. पण लाकूड आणलं त्या दिवशी हात लावू दिला नाही. पंधरा दिवस ज्या घरात राहायचंय त्या घरातच पडू दे म्हणाले, हवेला सरावू दे.

त्यामुळं सध्या फळ्या दादाच्या पलंगाखाली आहेत, मध्ये पट्ट्या घालून, वारा लागेल अशा. आणि ग्रुपवर नवीन वाद सुरू झालाय. वहिनी विचारतेय, पंधरा दिवस झाडू कसा मारायचा?